मातीवाचून मळा

रोप मातीवाचून वाढू शकत असेल, तर माणसाचे भूमीशी असलेले नाते नेमके कशावर उभे आहे, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेने या शब्दांत कधी विचारलेला नाही. तरीही अन्न, भूमी आणि कर्म यांविषयी या परंपरेने जे सांगून ठेवले आहे त्याची पारख करायची झाली, तर आज हाच प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो. मातीविरहित शेती, म्हणजे पिकाची मुळे स्वतःचे फारसे पोषण नसलेल्या माध्यमात ठेवायची आणि त्याला लागणारी अन्नद्रव्ये पाण्यात विरघळवून थेट मुळांशी द्यायची ही पद्धत, आता मोठ्या हरितगृहांपुरती उरलेली नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या पिंपळीसारख्या गावात ती अंगणातही सहज उभी राहू शकते, कारण तिचे निम्मे साहित्य या भागात आधीपासूनच रुळलेले आहे. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाकडे याच पिंपळी-लिमटेकवरून जाते; वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एका बाजूला कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला ठिबकवरची द्राक्षे-डाळिंबे आहेत, त्यामुळे लॅटरल, ड्रीपर आणि विद्राव्य खत हे शब्द येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

घरगुती संचाची रचना साधी असते. सावलीत ठेवलेल्या २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये पोषक द्रावण असते. त्यात कूलरचा छोटा पंप सोडलेला असतो, किंवा वीज टाळायची असल्यास ड्रमच उंच ओट्यावर चढवलेला असतो. त्यातून १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, बहुधा शेतातल्या जुन्या संचातून उरलेली, जाळीच्या फिल्टरमधून बादल्यांच्या रांगेवर नेलेली असते, आणि तळाला छिद्रे पाडून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, व बारीक खडी भरलेल्या प्रत्येक बादलीत एकेक ड्रीपर थेंब सोडत असतो. द्रावणात १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचे विद्राव्य खत, कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. ती दाट अवस्थेत एकत्र कालवली तर कॅल्शियमचा फॉस्फेट आणि सल्फेट यांच्याशी संयोग होऊन पांढरा साका तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक खत वेगळे विरघळवून भरल्या ड्रममध्ये ओतावे लागते. द्रावणाचा सामू, म्हणजे त्याची आम्लता मोजणारा अंक, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखावा लागतो. ड्रममध्ये ऊन शिरले तर शेवाळ धरते. वैशाखात द्रावण तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मुळे कुजू लागतात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खपली साचून थेंब बंद पडतो, आणि भर उन्हात एक दुपार थेंब बंद पडला तर टोमॅटोचे रोप संध्याकाळपर्यंत मान टाकते. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल, कारण सगळ्या तात्त्विक प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे.

वनस्पती कशापासून होते, याविषयी उपनिषदांत दोन क्रम सापडतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग अग्नी, आप आणि पृथ्वी असा उतरता क्रम येतो. पृथ्वीपासून ओषधी, म्हणजे वनस्पती, ओषधींपासून अन्न आणि अन्नापासून पुरुष उत्पन्न होतो. छांदोग्याच्या प्रारंभी मात्र भूतांचे सार पृथ्वी, पृथ्वीचे सार पाणी, पाण्याचे सार ओषधी आणि ओषधींचे सार पुरुष अशी मांडणी आहे. एका क्रमात वनस्पतीच्या लगेच मागे माती आहे, दुसऱ्यात पाणी. दोन्ही वचने उपासनेच्या संदर्भातली आहेत, शेतीशास्त्राच्या नव्हेत, हे खरे. परंतु वनस्पतीला मातीचे अपत्य म्हणावे की पाण्याचे, हा भेद त्यांत उमटलेला आहे, आणि युरोपात सतराव्या शतकात नेमका हाच भेद प्रयोगाला लावला गेला. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट याने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून त्यात ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि ५ वर्षे त्याला केवळ पाणी दिले; झाड १६९ पौंडांवर गेले, माती जेमतेम २ औंस घटली, आणि झाड पाण्याचेच बनले असा निष्कर्ष त्याने काढला. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निष्कर्ष चुकला, कारण झाडाच्या शुष्क वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून सूर्यप्रकाशाच्या बळावर तयार होतो, हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण ज्या २ औंसांकडे त्याने दुर्लक्ष केले, त्यांतच मातीविरहित शेतीचे बीज होते. १८६० च्या दशकात जर्मनीत युलियुस साक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी माती पूर्ण वगळून केवळ क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवून दाखवली, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स शोल्टो डग्लस याने कालिंपाँग येथे खडी, वाळू आणि खते एवढ्यावर चालणारी स्वस्त, घरगुती पद्धत बसवली.

यावरून पृथ्वीतत्त्वावाचून जीवन शक्य आहे असे ठरते काय? वैशेषिक दर्शनाच्या अंगाने पाहिले तर ठरत नाही. त्या दर्शनात पृथ्वी म्हणजे शेतातली माती नव्हे; गंध हा ज्याचा विशेष गुण ते द्रव्य म्हणजे पृथ्वी. खडक आणि लवणे यांनाही पार्थिवच मानले पाहिजे, आणि ड्रममध्ये विरघळवलेले पोटॅश व फॉस्फेट हे कुठल्या ना कुठल्या खाणीतून उपसलेलेच असते. वेदान्तातील पंचीकरणाची कल्पना, जी दासबोधासारख्या ग्रंथांमुळे मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, याहून पुढे जाते: प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो, म्हणजे निखळ पाणी असे व्यवहारात नसतेच. रोपाला आवश्यक मानलेल्या १७ मूलद्रव्यांपैकी ३ हवा आणि पाण्यातून येतात, बाकीची १४ मुळांवाटे क्षाररूपाने घ्यावी लागतात. हा आकडा पंचीकरणाला सिद्ध करतो असे म्हणणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे होईल, पण वनस्पतीला एकाच भूताचे अपत्य ठरवण्याचा आग्रह दोन्हीकडे टिकत नाही, इतके निश्चित म्हणता येते.

पृथ्वी जात नाही. मग जाते काय? जाते ते मातीचे काम. माती पाणी धरून ठेवते, जास्त झालेला क्षार काही काळ स्वतःकडे ठेवून घेते, पालापाचोळ्याचे अन्न करते आणि शेतकरी दोन दिवस गावाला गेला तरी पीक सांभाळते. अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तात भूमीला माता म्हटले आहे ते ती वस्तू देते म्हणून जितके, तितकेच ती सगळ्यांचा भार सोसते म्हणूनही आहे. बादलीतल्या कोकोपीटला ही सोसण्याची शक्ती जवळजवळ नसते, म्हणून बंद पडलेल्या एका ड्रीपरचा परिणाम संध्याकाळपर्यंत दिसतो. माती वगळणारा माणूस मातीपासून मोकळा होत नाही. जे काम माती न सांगता करत होती ते सगळे तो स्वतःच्या शिरावर घेतो.

या पद्धतीच्या बाजूने एक धार्मिक युक्तिवाद करता येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. लोखंडी फाळाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जिवांना मारते म्हणून नांगरणीचा व्यवसाय सज्जनांनी निंदिला आहे, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. जैन श्रावकाचाराने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे फार हिंसा घडवणाऱ्या व्यवसायांत, भूमी फोडण्याचे कर्म येते, कारण जैन मतानुसार पृथ्वी स्वतःच सजीव आहे. अंगणातल्या बादलीत नांगर नाही, गांडूळ कापले जात नाही. मात्र भारताला लागणारे पोटॅश जवळजवळ सगळे परदेशी खाणींतून येते, आणि जैन विचारात पाण्याच्या कायेतही जीव आहेत. हिंसा येथे थांबलेली नाही, नजरेआड गेली आहे. आणि नजरेआडच्या हिंसेचा हिशेब ठेवणे अधिक कठीण असते.

वारकरी परंपरेतून हा प्रश्न निराळा दिसतो. इंदापूरच्या पुढे, भीमेपलीकडे, माढा तालुक्यातील अरण हे सावता माळी यांचे गाव. १२९५ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला, आणि ते पंढरीला कधी गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी परंपरा आहे. सावतोबांच्या उपासनेत देव भाजीत दिसतो, मोटेत आणि विहिरीत दिसतो. म्हणजे पावित्र्य भूमीच्या तुकड्याला चिकटलेले नसून खुरपणाऱ्या, पाणी देणाऱ्या हातांच्या कामात आहे. हा निकष लावला तर बादलीही मळा होऊ शकते. याउलट नवरात्रातला घट मातीवरच अडून बसतो. पत्रावळीवर स्वतःच्या रानातली काळी माती पसरून तिच्यात धान्य पेरायचे, मधोमध मातीचा घट ठेवायचा, त्यातून पाझरणाऱ्या ओलीवर नऊ दिवसांत पिवळसर कोंब वर येतात आणि दसऱ्याला ते देवाला वाहून टोपीत खोवले जातात. हे कोंब कोकोपीटवरही तितकेच येतील, कारण एवढ्या वयात रोप दाण्यातल्या साठ्यावरच वाढते. तरीही तेथे रानातलीच माती आणली जाते, कारण घट हा त्या रानाचा सत्कार आहे, केवळ उगवणीचा नव्हे. सावतोबांचा निकष कर्माचा आहे, घटाचा निकष ऋणाचा. आणि मातीविरहित शेतीला पहिला पेलणे जितके सोपे, तितकेच दुसरा पेलणे अवघड आहे.

पिंपळी ज्या नीरा खोऱ्यात आहे तेथे हे ऋण अमूर्त राहत नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, पाठोपाठ ऊस आला, आणि निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनींना वर्षानुवर्षे वाजवीपेक्षा जास्त पाणी मिळत राहिल्याने भूजल वर चढून, पाणी उडून जाऊन क्षार पृष्ठभागावर राहिले. रानाला खार फुटला, जमिनी चोपण झाल्या. जमिनीची आणि पिकांची असली दुखणी अभ्यासण्यासाठी २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामतीजवळ माळेगाव खुर्दला आहे, आणि तिला स्वतःचे प्रक्षेत्रही मुरमाड खडक फोडून, त्याची माती करून उभारावे लागले. एकीकडे खडकाची माती करण्याचे कष्ट आणि दुसरीकडे मातीच वगळण्याची सोय, ही दोन टोके एकाच तालुक्यात आहेत.

म्हणून पिंपळीच्या अंगणातल्या संचाचा धर्म टोमॅटो किती आले यावर ठरवता येत नाही. बादलीच्या तळातून जे निथळते ते कुठे जाते, हे विचारावे लागते. मुळांशी क्षार साचू नयेत म्हणून दिलेल्या द्रावणाचा काही भाग निथळू द्यावाच लागतो, आणि तो रोज एकाच कोपऱ्यात मुरू दिला तर कालव्याने मोठ्या रानात जे केले तेच परसात होते. ते निथळ तळाशी गोळा करून, साध्या पाण्याने पातळ करून, जागा बदलत नारळाला किंवा शेवग्याला घालावे लागते; पावसाळ्याआधी ड्रम धुताना खाली बसलेला साका गटारीत न सोडता शेणखताच्या खड्ड्यात कालवावा लागतो; आणि दोन-तीन हंगामांनी कोकोपीट दबून त्यातली हवा संपली की तेही धुऊन त्याच खड्ड्यात टाकावे लागते, तेथे ते हळूहळू कुजून कुठल्यातरी वाफ्याची माती होते.