कर्ण्याचे तोंड

मागच्या हिवाळ्यात दोन महिने भाच्याकडे, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी राहण्याचा योग आला. भाचा सुस्वभावी, संसारी, नोकरीत स्थिर. अशा माणसाला एखादे वेड असले म्हणजे मला बरे वाटते. ज्याला कसलेच वेड नाही त्याच्या घरी फार दिवस काढणे कठीण. याचे वेड म्हणजे त्याचा पिकअप ट्रक. पुढे माणसे बसायची जागा, मागे उघडा हौदा आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन.

"मामा, कंपनीने या गाडीचा गळा दाबून ठेवलाय," असे तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याला तो मोकळा करायचा होता. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो त्याची नेमणूकच मुळी गप्प करण्यासाठी. आणि हा गृहस्थ तो काढून, पदरचे पैसे घालून, कमी गप्प करणारा बसवणार! मला हसू आले. पण त्याने कामाला हात घातला आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलो.

धूर स्वच्छ करणारा जो भाग असतो त्याला तिथल्या कायद्याने हात लावता येत नाही, म्हणून त्याच्या मागची नळी तेवढी बदलायची. मूळच्या सायलेन्सरात आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात. आवाज त्यांत आपटून आपटून दमतो. नव्यात सरळसोट भोकाभोकांची नळी आणि भोवती काचेचा कापूस. नळी बसली, किल्ली फिरली, आणि खरे सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. खोल, भरदार, जरा अडखळत चालणारा तो आवाज! आठ सिलिंडर चार-चारांच्या दोन रांगांत असतात. एकूण स्फोट समान अंतराने होतात, पण एकेका रांगेपुरते पाहिले तर ते कमीजास्त अंतराने पडतात. त्या अडखळण्यातच सारी गोडी. तबल्याच्या बायाँवर बरी थाप पडावी तसे वाटले.

दोन दिवसांनी आम्ही सॅन अँटोनियोला निघालो. सुमारे 200 मैलांचा रस्ता. ताशी 70 मैलांचा वेग धरला आणि गाडीत एक विलक्षण घुमघुम सुरू झाली. वाढेना, कमी होईना. तासाभरात सूनबाईने कपाळाला बाम लावला, मागे बसलेली नात रडू लागली आणि माझ्या दाढा ठणकल्या.

भाच्याने परत आल्यावर मला हिशेब समजावला. या वेगाला इंजिन मिनिटाला 1,800 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 30. दर फेऱ्याला चार स्फोट. म्हणून सेकंदाला 120 ठोके. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती ठरावीक सुरात घुमते. गाडीची बंद खोली ही तशीच एक घागर आणि 120 ठोक्यांचा तो सूर नेमका तिच्या आवडीचा! त्यावरचा उपायही नामी. मुख्य नळीला एक फांदी जोडायची, तिचे टोक बंद. लांबी त्या सुराच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी. फांदीत शिरलेली लहर बंद टोकावर आपटून परत येते ती नेमकी उलट्या पावलांनी, आणि समोरून येणाऱ्या आपल्याच बहिणीला गिळते. गरम वायूत आवाज जलद धावतो, तोही हिशेब धरून पावणेतीन फुटांच्या आसपास फांदी निघाली. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकळ गोळ्यांच्या साहाय्याने आवाजातला एकेक सूर वेगळा कसा ऐकावा हे सांगितले आहे. त्या विद्येचा हा घरगुती प्रयोग. पुन्हा मोठ्या रस्त्यावर गेलो. घुमघुम नाहीशी झाली होती. "बघा मामा, आवाज राहिला आणि त्रास गेला!" भाचा म्हणाला. मी त्याची पाठ थोपटली.

मला पहाटे जाग येते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी अंगणात फेऱ्या घालीत होतो. भाचा गाडीत बसला, इंजिन सुरू झाले. थंड इंजिन सुरुवातीला जरा चढ्या फेऱ्यांवर चालते. समोरच्या घराच्या खिडकीची काच थरथरली, वरच्या मजल्यावर दिवा लागला आणि पडद्याआड एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना दिसली. भाचा निघून गेला. दिवा बराच वेळ जळत होता.

मग माझ्या ध्यानात आले, की त्या फांदीने एकच सूर गिळला होता, तोही आत बसणाऱ्यांना झोंबणारा. रस्त्यावर जाणारे बाकीचे सारे जसेच्या तसे होते. आवाज राहिला होता हे खरे. पण त्रास गेला म्हणजे कोणाचा गेला?

इंग्रजीत त्या घुमघुमीला ड्रोन म्हणतात. आणि मौज अशी, की आपल्या तंबोऱ्याच्या अखंड सुरालाही ते लोक ड्रोनच म्हणतात. एक सूर डोके उठवतो आणि दुसरा मन निववतो. फरक केवळ सुरांत नाही. तंबोऱ्यापुढे माणूस आपण होऊन बसतो आणि कंटाळला तर उठून जातो. ज्याला उठून जाता येत नाही, त्याला तंबोराही घुमघुमच. आणि मला वाटते, सॅन अँटोनियोच्या वाटेवरची ती घुमघुम हाच भाच्याच्या आवाजाचा एकमेव भाग होता, जो त्याला शेजाऱ्याच्या कानांनी ऐकू आला. तोच त्याने कौशल्याने काढून टाकला.

पण हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. त्याला कारण आहे. 1974 साली मी 19 वर्षांचा होतो. पुण्यात आमच्या आळीच्या गणपतीचा कर्णा बांधण्याचे काम माझ्याकडे होते. आईचे डोके दुखते म्हणून मी कर्ण्याचे तोंड आमच्या घराकडून वळवून मागच्या बोळाकडे केले. आई खूष झाली, मलाही आपण मातृभक्त आहोत असे वाटले. त्या बोळात आमचे एक जुने मास्तर अंथरुणाला खिळून होते. त्याच महिन्यात ते वारले. कर्ण्याने वारले असे कोणी म्हणाले नाही, मीही म्हणत नाही. पण पुष्कळ वर्षांनी त्यांची मुलगी बोलता बोलता म्हणाली, "दादा कानांत कापूस घालून पडत आणि म्हणत, राहू दे, पोरांचा आनंद आहे." त्यांनी तक्रार केली असती तर मी भांडलो असतो आणि विसरलोही असतो. तो कापूस मात्र अजून विसरवत नाही.

ही हकीगत मी शेवटी भाच्याला सांगितली. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मामा, माझी गाडी कायद्यात बसते. आणि आनंदात काही पाप आहे का?" मी म्हणालो, "पाप मुळीच नाही. तो आवाज मलाही आवडतो. तू फक्त उद्या गाडीत बसू नकोस, बाहेर उभा राहा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला सूनबाईने किल्ली फिरवली आणि भाचा समोरच्या खिडकीखाली पदपथावर उभा राहिला. काच थरथरली. दिवा लागला. मग त्याला ते ऐकू आले, जे गाडीत बसून आजवर कधी ऐकू आले नव्हते: मुलाचे रडणे. तो रस्ता ओलांडून परत आला, हात लांब करून त्याने स्वतःच इंजिन बंद केले आणि त्या दिवशी सूनबाईची लहान गाडी घेऊन कामावर गेला.

मी परत आल्यावर त्याचा फोन आला. त्याने नळीत विजेवर उघडमीट होणारी झडप बसवली आहे. गल्लीत ती मिटलेली असते आणि वस्ती मागे पडली की उघडते. "आवाज अजून तसाच आहे, मामा," तो हसत म्हणाला. मलाही तेच हवे होते.

आता दिवाळीत आमच्या दारासमोर मुले सुतळी बॉम्ब लावतील. वात पेटवून पळणारा मुलगा पाहिला आहे ना तुम्ही? तो आधी दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकून घेतो. त्याच्यावर रागावू नये. वयच तसे आहे. पण त्याला जवळ बोलावून, मागच्या बोळात कोण झोपले आहे, एवढे विचारायला हरकत नाही. मला कोणी विचारले असते तर बरे झाले असते.