वाऱ्यावरचे गाणे

अमेरिकेतील लांब रस्त्यांवर धावणाऱ्या प्रवासी मोटरसायकलीत दोन परस्परविरोधी इच्छा एकत्र नांदत असतात. उघड्या आकाशाखाली, वारा अंगावर घेत जावे ही एक. आणि घरातील सुखसोयी बरोबर असाव्यात ही दुसरी. १९७५ साली बाजारात आलेली होंडाची गोल्ड विंग असो वा हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड, अशा गाडीला पुढे वारा अडवणारे कवच असते, मागे सामानाच्या पेट्या असतात आणि कवचात संगीतासाठी स्पीकर असतात. यांपैकी स्पीकर मालकाला बहुधा अपुरे वाटतात. मग मूळचे काढून अधिक क्षमतेचे बसवले जातात. कवचाच्या आत ॲम्प्लिफायर जातो आणि त्याची जाड तार फ्यूजमार्गे थेट बॅटरीला जोडली जाते. तेवढ्यानेही समाधान झाले नाही, तर मागील पेट्यांच्या झाकणांत आणखी दोन स्पीकर बसतात. हा केवळ यंत्राचा आणि पैशाचा व्यवहार वाटतो. परंतु माणसाने आपल्या सुखासाठी सामाईक अवकाश किती व्यापावा, हा जुना प्रश्नही त्यात दडलेला आहे.

मुळात गाणे ऐकू का येत नाही? मोटारीच्या काचा लावल्या की एक बंद खोली तयार होते आणि तिच्यात खर्जाला आधार मिळतो. मोटरसायकलला भिंती नाहीत. तिच्यावरचा खर्ज उघड्यावर विरून जातो. शिवाय महामार्गाच्या वेगात शिरस्त्राणाभोवती घोंगावणाऱ्या वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबेलच्या पुढे जातो. त्यावर मात करायची, तर कानाच्या स्वभावाशी गाठ पडते. २५ वॅटच्या जागी ५० वॅट दिले तर आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो. फरक जाणवतो, एवढेच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट, म्हणजे २५० वॅट लागते. संवेदना बेरजेने वाढावी म्हणून उद्दीपन गुणाकाराने वाढवावे लागते, असा नियम जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव फेखनर यांनी १८६० साली मांडला. उपभोगाने वासना शमत नाही, हे महाभारतातील ययातीला आयुष्याच्या अखेरीस कळले. फेखनर यांनी त्या अनुभवाला जणू गणित पुरवले.

ययातीने निदान मुलाचे तारुण्य मागून घेतले होते. येथे मोबदला स्वतःच्याच कानांना द्यावा लागतो. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सहन करावा, त्यापुढे दर ३ डेसिबेलमागे ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने १०० डेसिबेलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. वाऱ्याला हरवणारे गाणे वाऱ्याची जागा घेत नाही, त्यात भर घालते. आणि हा वारा तरी कोठून येतो? त्याचा मोठा भाग स्वाराच्या स्वतःच्या वेगातून जन्मतो. आपणच उठवलेल्या कोलाहलावर मात करण्यासाठी त्याहून मोठा कोलाहल उभारावा, अशी ही स्थिती आहे.

तथापि स्वाराची बाजू पोकळ नाही. साउथ डकोटाच्या सपाट प्रदेशात तासन्‌तास क्षितिज बदलत नाही. अशा वेळी गाणे शिणवटा दूर ठेवते आणि एकाकीपणात सोबत देते. मागे बसलेल्या जोडीदारालाही तेच गाणे ऐकता येते. ऐकण्यातील हे सहभागित्व लहान सुख नव्हे. कानांपुरते ऐकावे म्हणावे, तर दोन्ही कानांवर हेडफोन लावून वाहन चालवण्यास कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कायद्याने मनाई आहे. तेव्हा स्पीकर बदलणारा प्रत्येक जण प्रदर्शनाचा हव्यास धरतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

अडचण हेतूची नसून आवाजाच्या स्वरूपाची आहे. चित्र नको असेल तर डोळे मिटता येतात. कानांना पापण्या नाहीत. इमॅन्युएल कांट यांनी १७९० सालच्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात संगीताची तुलना अत्तर लावलेल्या रुमालाशी केली, ती याच कारणाने. रुमाल खिशातून काढणारा आजूबाजूच्या सर्वांना, त्यांची इच्छा असो वा नसो, तो सुगंध घ्यायला लावतो. मोटरसायकलवर यात आणखी एक विषमता येते. स्वाराला गाणे संपूर्ण मिळते. रस्त्याकडेच्या माणसाला त्याचा एक तुटका तुकडा मिळतो, जवळ येणारा, अंगावर आदळणारा आणि दूर जाणारा. आपण दुसऱ्याला काय दिले, हे स्वाराला कधीच ऐकू येत नाही. ते त्याला कल्पनेनेच जाणावे लागते, आणि नीतीचा आरंभ बहुधा अशा कल्पनेतूनच होतो.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतून डोंगरमाथ्याने जाणारा सुमारे ७५५ किलोमीटरचा ब्लू रिज पार्कवे मोटरसायकलस्वारांचा आवडता रस्ता आहे. तेथे वेगाची कमाल मर्यादा सामान्यतः ताशी ७२ किलोमीटर आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या नियमानुसार सुमारे १५ मीटरवर मोजलेला आवाज ६० डेसिबेलच्या पुढे जाता कामा नये. महामार्गावर जेमतेम ऐकू येणारे गाणे येथल्या एखाद्या दरीकाठच्या थांब्यावर, वारा थांबताच, गर्जना होऊन उभे राहते. अनेक गाड्यांत वेग उतरताच आवाज आपोआप उतरवण्याची सोय असते. सोय चांगली आहे. परंतु कर्तव्याशी जुळणारी कृती आणि कर्तव्यबुद्धीने केलेली कृती यांत कांट यांनीच भेद केला आहे. यंत्र वेग मोजते. कठड्याशी कोणी दरीकडे पाहत बसले आहे, हे त्याला दिसत नाही.

ॲम्प्लिफायर किती वॅटचा असावा, या प्रश्नाला नीतिशास्त्राकडे उत्तर नाही, आणि ते त्याने देऊही नये. गाडी थांबल्यावर, कठड्याशी बसलेल्या त्या माणसाने मान वळवण्यापूर्वी स्वाराचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो की नाही, एवढेच त्याला विचारता येते.