छायाचित्राची साक्ष

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पण खरे बोलणे आणि पूर्ण खरे बोलणे, यांत अंतर असते. एकोणिसाव्या शतकातील जागतिक प्रदर्शनांच्या इमारतींची छायाचित्रे पाहताना आपल्याला हे अंतर नेमके जाणवते.

1893 च्या शिकागो प्रदर्शनाला लोक ‘पांढरे शहर’ म्हणत. सी. डी. अर्नोल्ड हे तिथले अधिकृत छायाचित्रकार. त्यांच्या चित्रांत संगमरवरी वाटणारे महाल आहेत आणि अनेक ठिकाणी माणूस जवळजवळ नाहीच. प्रत्यक्षात तो संगमरवर नव्हता. लाकूड-लोखंडाच्या सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचा लेप होता. पूर्वी काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, चालती माणसे पुसली जात. 1893 पर्यंत ही अडचण फारशी उरली नव्हती. म्हणजे रिकामे महाल दाखवणे ही निवड होती. याच प्रदर्शनात कृष्णवर्णीयांना डावलले, म्हणून आयडा वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी निषेधाची पुस्तिका काढली. महालांच्या चित्रांत तो निषेध कुठून दिसणार?

1889 च्या पॅरिस प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली होती. तिच्यात मशिदीचा दर्शनी भाग होता, मिनारही होता. स्टॉकहोमच्या परिषदेला निघालेले इजिप्तचे प्रतिनिधी ती पाहायला गेले. दारातून आत शिरतात तो आत कॉफीखाना आणि नाच! चित्रात मात्र मिनार सुरेख दिसतो. चित्र खोटे नाही. ते दाराबाहेरच थांबले आहे.

याउलट, 1851 च्या प्रदर्शनाचा काचमहाल लंडनजवळ सिडनहॅमला पुन्हा उभा राहत असताना फिलिप डेलामोट यांनी त्या कामाची चित्रे घेतली. त्यांत परांच्या आहेत, मजूर आहेत. महाल 1936 मध्ये जळाला. चित्रांतले मजूर अजून आहेत.

मग दोष कॅमेऱ्याला द्यायचा का? उर्दूच्या तासाला ‘गवाही’ हा शब्द आला की आम्ही मुलांना सांगतो, माहीत असून गप्प राहणेही साक्ष बिघडवते. पण साक्षीदार थांबला म्हणून काझीने थांबायचे नसते. चित्र पाहणाऱ्याचे काम काझीचे आहे. वर्तमानपत्रात एखाद्या वस्तीचे चित्र येते, ती आपली असो वा दुसऱ्याची, तेव्हा दाराआड काय आहे, हे आपण विचारतो का? आणि आपल्याच समारंभांचे फोटो काढताना खुर्च्या मांडणारे हात चौकटीत घेतो का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच द्यायची आहेत.