वाक्याला कर्ता हवा

२०२१ च्या जुलैमध्ये कर्नाटकातली दहावीची परीक्षा दोन दिवसांत उरकली. १९ तारखेला गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान. २२ तारखेला तिन्ही भाषा एकाच बैठकीत. प्रत्येक भाषेचे चाळीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि उत्तर म्हणजे ओएमआर कागदावर काळा करायचा एक गोळा. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी इंग्रजीत पास झालो, तो इंग्रजीचं एकही वाक्य न लिहिता. त्या वर्षी जवळजवळ सगळेच पास झाले.

त्यानंतर माझं शिक्षण थांबलं. घरात आणखी एका कमावत्या माणसाची गरज होती आणि अमरगोळच्या एपीएमसी यार्डातल्या एका अडत दुकानाला पोऱ्या हवा होता. घरी मराठी, दुकानात कन्नड आणि कागदावर इंग्रजी असा दिवस जायचा. काट्याच्या पावतीवर ग्रॉस, टेअर, नेट. मोबाइलवर लॉट नंबर, टेंडर, ई-वे बिल, पेमेंट पेंडिंग. परगावच्या ट्रकवाल्यांशी याच शब्दांवर भागायचं. ‘ह्या पोराला इंग्लिश येतं,’ असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, आणि यार्डापुरतं ते खरंही होतं.

म्हणून पुन्हा नाव घालून पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात बसलो, तेव्हा इंग्रजीची भीती नव्हती. आपल्यापेक्षा लहान पोरांच्या बाकावर बसायचा संकोच तेवढा होता. तोही फार टिकला नाही. ज्या धारवाडचे आम्ही शेजारी, तिथले द. रा. बेंद्रे १९१८ साली बी.ए. झाले आणि एम.ए. व्हायला १९३५ उजाडलं. घरी मराठी बोलणारा हा माणूस मधल्या काळात कन्नडचा मोठा कवी होऊन बसला होता. शिक्षणातल्या खंडाचा एवढा बाऊ आपण अलीकडेच करायला लागलो असू.

खंड पडलेल्या विद्यार्थ्याबद्दल बोलताना सगळे ‘काय राहून गेलं’ याचा हिशेब मांडतात. शाळा उघडल्यावर सरकारने २०२२-२३ हे वर्ष पहिली ते नववीसाठी ‘कलिका चेतरिके’ म्हणून जाहीर केलं, म्हणजे बुडालेलं शिक्षण भरून काढायचं वर्ष. हेतू चांगलाच होता. पण माझ्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. माझे शब्द बुडाले नव्हते, यार्डात ते वाढलेच होते. नव्हती ती वाक्यं, आणि ती खंडाच्या आधीही नव्हती.

हे मला कळलं ते इंग्रजीच्या एका साध्या तासाला. मॅडमनी सांगितलं, यार्ड, शेत, घर, कुठलीही परवा-कालची घटना आठ ओळींत लिहा. अवकाळी पाऊस आदल्या हंगामातलाच होता. मी लिहिलं: ‘रेन केम. चिली वेट. रेट डाउन. फार्मर गो होम.’ चार तुकडे झाले आणि पेन थांबलं.

मॅडमनी लाल शाई काढली नाही. बाकाशी उभं राहून कन्नडमध्ये विचारलं, रेट कोणी कमी केला? मी म्हटलं, मार्केटनं. मार्केट म्हणजे कोण? खरेदीदार. मग तसं लिही. त्याने का कमी केला? मिरची भिजली होती. ती उघड्यावर का होती? ताडपत्री घातली नव्हती. कोणी घालायची होती?

इथे मी गप्प बसलो, कारण यार्डात हा प्रश्न कोणी विचारत नाही. कुंदगोळकडचा शेतकरी पोती उतरवतो, हमाल थप्पी लावतात, ताडपत्री दुकानाची असते, आणि पाऊस आला की सगळे आभाळाकडे बोट दाखवतात. ‘रेट डाउन’ या दोन शब्दांत माणूसच नाही, त्यामुळे जाब विचारायलाही कोणी उरत नाही. ‘पेमेंट पेंडिंग’चंही तेच. पैसे कोणी दिलेले नाहीत, कोणाचे अडलेत, कधी देणार, हे सगळं त्या दोन शब्दांच्या आड बिनबोभाट राहतं. कन्नडमध्ये आणि मराठीतही आम्ही हेच शब्द जसेच्या तसे वापरतो, म्हणजे दोष इंग्रजीचा नाही. पूर्ण वाक्य लिहायला बसलं की कर्ता शोधावा लागतो, आणि तो शोधताना घडलेल्या गोष्टीकडे दुसऱ्यांदा पाहावं लागतं.

कोणी म्हणेल, यार्ड तर चाललंय ना तेवढ्या इंग्रजीवर? चाललंय. दुकानाचं चाललंय. पावती हातात घेऊन घरी जाणाऱ्याचं किती चाललंय, ते त्याला विचारावं.

इंग्रजीवरून आपल्याकडे वाद कमी झालेले नाहीत. इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नडचे कवी असलेले वि. कृ. गोकाक यांच्या समितीने १९८१ मध्ये शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्यावं असं सुचवलं, आणि त्यावरून राज्यभर आंदोलन उभं राहिलं. महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणलं, कर्नाटकाने २००७ मध्ये. प्राथमिक शाळेत मातृभाषेतल्या शिक्षणाची सक्ती सरकारला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. इंग्रजी कितवीपासून आणि शिक्षण कुठल्या माध्यमातून, यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, खटले चालले. मूल इंग्रजीच्या तासाला स्वतःचं असं किती लिहितं, हा मुद्दा कोणाच्या मागण्यांत ठळकपणे आलेला मला दिसला नाही. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली माझी पिढी गोळे अचूक काळे करते. टाळेबंदीत तर ‘संवेद’चे पाठ चंदना वाहिनीवरून यायचे. शिकवणारे मनापासून शिकवत, पण टीव्हीतून समोरची वही कोरी आहे की भरलेली, हे दिसायची सोय नव्हती.

याच पट्ट्यात इंग्रजीचा तास वेगळ्या तऱ्हेने फळलेला आहे. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि कथा मराठीत लिहिल्या. धारवाडात जन्मलेल्या शशी देशपांड्यांना वडिलांकडून कन्नड मिळाली, आईकडून मराठी, आणि कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. हे मोठे लोक, त्यांच्याशी बरोबरी करायचा प्रश्न नाही. एवढंच दिसतं की एका भाषेत वाक्य घडवायची सवय लागलेल्या माणसाला ती दुसरीतही उपयोगी पडत असावी. मी मराठीत शाळा शिकलेलो नाही. तरी हा लेख मराठीत लिहिताना मला त्या इंग्रजीच्या तासाचाच आधार वाटतो.

आता व्यवहाराचं. एका वर्गात ऐंशी मुलं धरली, आणि एक वही नीट पाहायला तीन मिनिटं, तरी एका परिच्छेदापायी चार तास जातात. शिक्षक गाइडमधलं तयार पत्र फळ्यावर उतरवून देतात, त्याचं कारण दर वेळी आळस नसतो. आमच्या मॅडमनी यातून वाट काढली होती. रोज दहा वह्या त्या स्वतः पाहायच्या, बाकीच्या आम्ही शेजाऱ्याशी बदलून घ्यायच्या. स्पेलिंगला हात लावायचा नाही, जिथे ‘कोणी?’ असा प्रश्न पडेल तिथे समासात खूण करायची. माझा शेजारी नवलगुंदचा होता, माझ्याहून बराच लहान. माझ्या ताडपत्रीच्या परिच्छेदावर त्याने खुणांची रांग लावली. शेवटच्या खुणेवरून तर आम्ही तास संपल्यावरही भांडत होतो. ओल किती हे खरेदीदाराने पोत्यात हात घालून ठरवलं, असं मी लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, हात त्याचा असेल, पण तो आकडा मान्य कोणी केला, ते तू लिहिलेलं नाहीस.