पूल उतरतो कुठे?

जुना पूल धोकादायक ठरला की चर्चा दोनच गोष्टींची होते: नवा किती कोटींचा आणि खुला कधी होणार. तो ज्या जमिनीवर उतरतो तिची विचारपूस कोणी करत नाही. ती जागच्या जागी राहील, हे आपण धरूनच चालतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील आउटर बँक्स बेटांवर हे धरून चालता येत नाही. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड ही विस्तीर्ण, उथळ खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथले ओरेगॉन इनलेट हे मुख १८४६च्या वादळाने फोडले आणि तेव्हापासून ते तीन किलोमीटरहून अधिक दक्षिणेला सरकले आहे. त्यावर १९६३मध्ये बॉनर पूल झाला, तीस वर्षे टिकला तरी पुरे या हिशेबाने. प्रत्यक्षात तो ५५ वर्षांहून अधिक काळ वापरला गेला. पुलावरून उतरणारा रस्ता पी आयलंड या वन्यजीव अभयारण्यातून जातो. अभयारण्य १९३८चे आहे. पाखरांचा हक्क आधीचा, पूल नंतरचा. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अशा बेटाची प्रकृती वादळांवर टिकते, हे ऐकायला विचित्र वाटेल. उधाणाच्या लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेट ओलांडतात आणि खाडीच्या बाजूला ती पंख्यासारखी पसरतात. पुढून झीज, मागून भर. बेट कूस बदलत मागे सरकते, पण राहते. याच उघड्या, झुडपे नसलेल्या वाळूवर पाइपिंग प्लोव्हर हा चिखल्याच्या कुळातला चिमुकला पक्षी आणि लहान सुरय अंडी घालतात. रस्त्याला मात्र ही वाळू नको असते. वादळ ओसरले की यंत्रे डांबरावरची वाळू पुन्हा समुद्राकडे ढकलतात आणि तिचा उंच बांध घालतात. रस्ता मोकळा होतो, पण खाडीकडची भर थांबते, आणि पुढून झिजणारे बेट मागून वाढेनासे होते. पुलाचे दक्षिण टोक वाचवण्यासाठी सुमारे एक किलोमीटर लांबीचा दगडी बंधाराही घालावा लागला. तो १९९१मध्ये पुरा झाला. टोक वाचले. पण ऑगस्ट २०११मध्ये आयरीन चक्रीवादळाने काही किलोमीटर पुढे रस्ता तोडला आणि अभयारण्यातच नवे मुख पाडले.

फेब्रुवारी २०१९मध्ये बॉनर पुलाच्या जागी मार्क बास्नाइट पूल वाहतुकीला खुला झाला. साडेचार किलोमीटर लांब, खर्च सुमारे २५ कोटी डॉलर, आयुष्य शंभर वर्षांचे धरलेले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. खालचा जलमार्ग सरकत राहणार हे मान्य करून अभियंत्यांनी एका उंच गाळ्याऐवजी सलग अनेक उंच गाळे ठेवले, म्हणजे प्रवाह जाईल तिथून बोटींना वाट मिळेल. पाण्याला हलण्याची जी मोकळीक दिली ती वाळूला मात्र नाकारली. शंभर वर्षांचा पूल एका वादळात तुटणाऱ्या रस्त्यावर उतरवला. माझा आक्षेप नेमका इथे आहे. इतकी टिकाऊ गोष्ट बांधताना आपण पुढच्या चार पिढ्यांच्या वतीने शब्द देतो, की रस्ता याच जागी राहील आणि त्यासाठी बेटाला हलू दिले जाणार नाही. जुना पूल जीर्ण झाला तेव्हा तो शब्द मागे घेण्याची संधी आली होती. अभयारण्याला वळसा घालून खाडीतून जाणाऱ्या सुमारे २८ किलोमीटरच्या पुलाचा पर्याय कागदावर होता.

यावर पुलापलीकडच्या हॅटरास बेटावरच्या गावांचे म्हणणे साधे आणि वजनदार आहे. रुग्णवाहिका याच पुलावरून जाते. डिसेंबर २०१३मध्ये खांबांखालची वाळू वाहून गेल्याने जुना पूल अचानक बंद करावा लागला, तेव्हा लोकांना फेरीबोटींवर अवलंबून राहावे लागले. अशांना पाखरांसाठी अजून दहा वर्षे थांबा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. नवा पूल तातडीने हवाच होता. पण निकड पुलाची होती, आणि तिच्या आडोशाने रस्त्याचाही निकाल लागून गेला. दुसरा आक्षेप पैशाचा: लांब पुलाला एक अब्ज डॉलरहून अधिक लागले असते. खरे आहे, आणि त्याच्या खांबांचा व सावलीचा भार खाडीतल्या सागरी गवतावर पडला असता, हेही खरे. मात्र तुलना करायची तर शंभर वर्षे वाळू ढकलण्याचा, भराव टाकण्याचा आणि तुटलेले सांधण्याचा खर्च दुसऱ्या पारड्यात घालावा लागेल. तो वर्षावर्षाच्या देखभालीत विखुरला की दिसत नाही, इतकेच. ‘पक्षी काय, दुसरीकडे जातील’ या युक्तिवादाला फार शब्द नकोत. त्या किनाऱ्यावर दुसरीकडची बरीचशी वाळू समुद्राकाठच्या बंगल्यांनी कधीच घेतली आहे.

पर्यावरण संस्था या निर्णयाविरुद्ध २०११मध्ये न्यायालयात गेल्या, २०१५मध्ये तडजोड झाली. पूल जुन्या जागेशेजारीच झाला. बदल्यात दक्षिणेला रोडांथे गावाजवळ रस्ता खाडीवर नेण्यात आला. जुलै २०२२मध्ये हा सुमारे चार किलोमीटरचा वळणदार पूल खुला झाला, आणि किनाऱ्यावरचा तेवढा जुना रस्ता उखडून टाकला. म्हणजे रस्ता हलवता येतो. दोन पुलांमधला बराचसा रस्ता अजून वाळूवरच आहे.

आपल्याकडे रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी एकेका खाडीवर पूल येत आहेत. कोकणचा कातळ आउटर बँक्ससारखा सरकत नाही, पण खाड्यांच्या मुखाशी असलेल्या पुळणी सरकतात, आणि बाणकोट खाडीजवळ वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तुमच्या गावात अशा कामाची जनसुनावणी लागली, तर पुलाच्या लांबीबरोबर आणखी एक नकाशा मागा: पूल जिथे उतरतो, त्या वाळूचा पन्नास वर्षांपूर्वीचा आणि आजचा.