द्वारकेचा खर्च कोणाच्या खात्यात?



यमांविषयी चर्चा सुरू झाली की अहिंसेवर प्रश्न येतात, ब्रह्मचर्यावर तर फारच येतात. अस्तेयापाशी मात्र कोणी थांबत नाही. आपण चोर नाही, हे प्रत्येकाने मनोमन धरूनच ठेवलेले असते. मीही धरले होते.

बाबा वडोदऱ्यात लग्नसमारंभांचे फोटो काढतात. स्वतःचाच व्यवसाय आणि मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे विवरणपत्रापूर्वी हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी बिलांच्या गठ्ठ्यात आमच्या द्वारका-सोमनाथ यात्रेची बिलेही निघाली. डिझेल, खोल्या, जेवण मिळून २४,००० रुपये. बाबा म्हणाले, "प्रवास खर्चात टाक. कॅमेरा होता ना बरोबर!" कॅमेरा खरोखरच होता. गोमती घाटावर त्यांनी सूर्योदयाचे चार फोटो काढले होते. मी नोंद करून टाकली.

त्याच आठवड्यात सेवा म्हणून योगसूत्रांवरील एका प्रवचनाचा मी अनुवाद करत होते. साधनपादात महर्षी पतंजली सांगतात की यमांच्या विरुद्ध जाणारे दोष तीन प्रकारे घडतात. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवून घेतलेले आणि ज्यांना आपण संमती दिली ते. त्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो. इथे माझा हात थांबला. करवले बाबांनी, केले मी, आणि चहा ठेवता ठेवता "सगळेच करतात गं" म्हणणाऱ्या आईची संमती. एका बिलात तिन्ही!

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे ३७ वे कलम मी परीक्षेसाठी पाठ केले होते. खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, वैयक्तिक खर्च चालणार नाही. आता नवा कायदा आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कसोटी तीच आहे. हिशेबशास्त्र तर अकरावीतच शिकवते की धंदा वेगळा आणि धंद्याचा मालक वेगळा. मालकाने स्वतःसाठी काही घेतले की ते 'उचल' खात्यात जाते. मला हा नियम अध्यात्माच्या फार जवळचा वाटतो. माझ्या हातून होणारे कर्म आणि त्यातून मी स्वतःसाठी उचलले ते, हे दोन्ही वेगळे पाहायचे.

चाणक्यांच्या दोन दिव्यांची कथा आपण ऐकलेली असते. राज्याच्या कामाला राज्याचे तेल, घरच्या कामाला घरचे. पण ज्याच्या घरी एकच दिवा आहे, त्याने काय करावे? बाबांची गाडी लग्नालाही जाते आणि भाजी आणायलाही. कायदा इथे दुसरी गाडी घ्यायला सांगत नाही. वापर जितका व्यवसायाचा तितकाच वाटा धरा, एवढेच म्हणतो. हा वाटा किती, ते अधिकारी पाहायला येत नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणून साधकाची खरी परीक्षा तिथेच होते.

"कर भरून तरी काय होते?" हा प्रश्न सत्संगातही ऐकू येतो. नाराजीला कारणे असतील, मी वाद घालत नाही. पण त्या यात्रेत आजी प्रथमच नावेत न बसता बेट द्वारकेला गेली, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सुदर्शन सेतूवरून. तो सेतू कराच्याच पैशातून उभा राहिला आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी डोकेदुखीची गोळी घेतानाही जीएसटी देतात. त्यांना तो कशातच 'टाकता' येत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून आमचे वाचणार होते सुमारे ५,००० रुपये. म्हणजे आमच्या देवदर्शनाचा तेवढा भार मावशींसारख्या सर्वांवर गेला असता. दिल्याशिवाय भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी चोरच म्हटले आहे. यज्ञाच्या संदर्भातले ते बोल मला अचानक आमच्या वहीविषयीचे वाटू लागले.

बाबांशी बोलायला दोन दिवस लागले. घर चालवणाऱ्या माणसाला मुलीने हे कसे सांगायचे? शेवटी एवढेच म्हणाले, "बाबा, उसने पैसे घेऊन यात्रा करू नये, असे आजीच सांगते ना? मग ही यात्रा आपल्याच पैशांची राहू दे. मी उचल खात्यात घेते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि फ्लॅशच्या बॅटऱ्या?"

"त्या पूर्ण धंद्याच्या, बाबा."

"गाडी?"

त्या रात्री आम्ही दोनशे पानी वही आखली. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर. पहिली नोंद बाबांनी स्वतःच्या हाताने केली, आणि ती भाजी मंडईची होती.