मोठे डाव आणि नैतिक निवाडा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34 वे सूक्त ‘अक्षसूक्त’ म्हणून ओळखले जाते. फाशांच्या नादाने घर आणि पत गमावलेल्या द्यूतकाराचा विलाप त्यात आहे. शेवटाकडे, फासे सोडून शेती कसावी, असा उपदेश त्याला केला जातो. द्यूत आणि कृषी या परस्परविरोधी जीवनपद्धती आहेत, हे या उपदेशामागील गृहीतक होय. एकीकडे यदृच्छा, दुसरीकडे श्रम आणि श्रमाचे फळ. बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या, खामगाव तालुक्यातील गावाच्या कोरडवाहू शेतीशी हे गृहीतक ताडून पाहिले, तर ते डळमळू लागते. तेथे कपाशी पेरणारा माणूस कर्माने शेतकरीच असतो. त्याला मिळणाऱ्या फळाची रचना मात्र द्यूताची असते. या रचनेवरून माणसाचा नैतिक निवाडा करता येतो काय, हा येथील प्रश्न आहे.

रचना समजून घेण्यास पोकर हा पत्त्यांचा खेळ उपयोगी पडतो. एका टेबलावर तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात. रात्रभराच्या बैठकीत ते दोनशेच्या वर जातात. बहुतेक डावांत खेळाडू सुरुवातीलाच ‘पॅक’ करतो किंवा किरकोळ रकमेची देवघेव होते. बैठक मोडल्यावर हिशेब पाहावा, तर नफातोटा अनेकदा तीनचार मोठ्या डावांनीच ठरलेला दिसतो. याचे कारण खेळाच्या गणितात आहे. मध्ये जमलेली रक्कम फेरीगणिक वाढते आणि तिच्या प्रमाणात पुढील बोलीही वाढते. त्यामुळे अखेरच्या फेरीपर्यंत गेलेला एकच डाव आधीच्या शंभरांना झाकून टाकतो. शिवाय मोठ्या डावात योग्य निर्णय घेणारा जिंकतोच असे नाही. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात एक्क्यांची जोडी हाती असलेल्याने राजांच्या जोडीविरुद्ध सारी रक्कम लावली, तरी पाचसहा डावांत एकदा तो हरतो. त्या रात्रीपुरता तो कंगाल होतो, पण चुकलेला नसतो.

कथनाला मात्र असे मोठे डाव प्रिय असतात. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या कथानकात विपर्ययाला जे महत्त्व दिले, त्याचे मर्म हेच की, एका वळणावर सारे उलटते. महाभारतातील सभापर्वात पण चढत जातात: धन, राज्य, भाऊ, स्वतः युधिष्ठिर आणि शेवटी द्रौपदी. धृतराष्ट्र गमावलेले परत देतो. पण पुढे अनुद्यूतातील एकाच फाशाने तेरा वर्षांचा वनवास आणि अज्ञातवास ठरतो. वनपर्वातील नलही गेलेले राज्य एकाच पणात परत मिळवतो. तरीही महाभारतकार या नाट्यापाशी थांबत नाही. नलाच्या विजयापूर्वी ऋतुपर्णाकडून मिळालेले अक्षविद्येचे ज्ञान आहे, म्हणजे मोठ्या डावामागील दीर्घ काळ कथेने गाळलेला नाही. आणि द्रौपदीचा सभेला विचारलेला प्रश्न तर ‘कोण जिंकले’ याविषयीचा नाहीच. स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार होता काय, असे ती विचारते. फलाकडून पणाकडे लक्ष वळवणारा हा प्रश्न प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने निर्णायक आहे.

आधुनिक तत्त्वचिंतनात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 साली ‘नैतिक दैवा’ची चर्चा केली. दोघे सारखेच निष्काळजी वाहनचालक. एकाच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या नाही. दोष समान असूनही निंदा असमान होते, हे नेगेलने दाखविले. हीच गोष्ट शेजारच्या दोन वावरांतही घडते. मृगाच्या पहिल्या पावसावर एकाने पेरले, दुसरा थांबला. पावसाने खंड दिला, तर पहिल्यावर दुबार पेरणीची पाळी येते आणि गाव त्याला उतावळा म्हणते. पाऊस लागून राहिला, तर तोच दूरदृष्टीचा ठरतो आणि थांबलेला आळशी. निर्णय तोच, माहितीही तीच. विशेषण मात्र आभाळ ठरवते.

येथे ‘शेती म्हणजे जुगारच’ हे रूढ रूपक पुरते लागू झाले, असे वाटेल. वस्तुतः ते याच ठिकाणी तुटते. पहिला भेद असा की, पोकरमधील कौशल्याचा मोठा भाग पत्ते टाकून देण्यात असतो. हंगाम असा टाकून देता येत नाही. दुसरा भेद संख्येचा. खेळाडूला हजारो डावांत नशीब समपातळीवर येण्याची आशा असते. शेतकऱ्याच्या वाट्याला उभ्या आयुष्यात तीसचाळीस हंगाम येतात आणि कर्ज त्याआधीच त्याला उठवू शकते. तिसरा भेद संमतीचा. जुगारी डावाला आपण होऊन बसतो. कापसाचा भाव शेतकऱ्याला न विचारता दूरवर ठरतो. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सुगी आणली आणि युद्ध संपताच ती ओसरली. दोन्ही वेळा वऱ्हाडातील वावरे तीच होती. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. स्वेच्छेच्या द्यूताविषयी शासन इतके दक्ष असेल, तर सक्तीच्या द्यूताविषयीचे उत्तरदायित्व त्याहून मोठे ठरते.

2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. त्या काळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांविषयी ‘हिशेब जमला नाही’, ‘खर्च आवरला नाही’ असे निवाडे सहज दिले गेले. उधळपट्टी कोठेच नसते, असे नाही. पण निवाडा करणाऱ्याने ती फलाच्या आधी दाखवावी लागते. बुडालेल्या हंगामावरून मागे जाऊन दोष शोधणे म्हणजे कथानकाच्या सोयीला न्याय समजणे होय.

म्हणून दोन कसोट्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. व्यक्तीला तोलायचे, तर निर्णयाच्या क्षणी तिच्या हाती काय होते, यावर. व्यवस्थेला तोलायचे, तर तिने माणसाला काय पणास लावायला भाग पाडले, यावर. सिंचन, विमा, वेळेवरचे पीककर्ज यांनी पाऊस आवरता येणार नाही. एका हंगामामागे घर, जमीन आणि जीव लागू न देणे मात्र त्यांना शक्य आहे. अक्षसूक्तातील उपदेश खरा ठरण्याची ती किमान अट आहे. द्रौपदीच्या प्रश्नाला त्या सभेत सरळ उत्तर मिळाले नव्हते. कोरडवाहू शेतीविषयी बोलणाऱ्यांना तो प्रश्न टाळता येणार नाही.